व्याह्याची बरगडी

तानाजीचा हात आधी उठायचा आणि राग आल्याचं त्याला नंतर कळायचं. माणदेशातल्या गावी तालमीत होता तोवर या गोष्टीचं कौतुक झालं. एकोणिसाव्या वर्षी तो डोंबिवलीत आला आणि मानपाड्याजवळच्या कारखान्यात घणावर लागला. बत्तीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकलं. तिथंही कौतुकच झालं. घरात मात्र त्याच हातानं शेवंतीचा डावा कान कायमचा बधिर केला होता, आणि एकुलत्या एक मुलाचं, सूरजचं, कोपर तीन ठिकाणी मोडलं होतं.

कोपर मोडलं त्याला अडीच वर्षं झाली होती. सूरज एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचा. त्याच लॅबमध्ये प्रियांका टेक्निशियन होती. जेवताना त्यानं सांगून टाकलं, "आण्णा, आम्ही लग्न करतोय. ती बौद्ध आहे." तानाजीनं आधी एक शब्द त्याच्या तोंडावर फेकला, जातीचा. मग बसायचा पाट उचलला आणि घातला. सूरज दुसऱ्या हातानं मोडलेला हात धरून चपला न घालता जिना उतरला तो परत आला नाही. ठाण्याला रजिस्टर लग्न झालं. दोघं डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ, प्रियांकाच्या वडिलांच्या शेजारच्या इमारतीत राहू लागली. पूर्वेहून पश्चिमेला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. तेवढं अंतर तानाजी अडीच वर्षं कापू शकला नाही. शेवंती गुरुवारच्या भाजीच्या पिशवीत डबा लपवून जात होती, हे त्याला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं तो वागत होता.

दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी दारात एक उंच, किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा.

"जय भीम. मी चांगदेव. प्रियांकाचा बाप."

तानाजी उठला नाही. शेवंतीनं पाणी आणलं. ती कुठल्या भांड्यातून आणते याकडे त्याचं लक्ष होतं. तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेला नवा ग्लास काढला आणि पाहुण्याच्या हातात देताना नवऱ्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

चांगदेव ठाण्याच्या पोस्टातून निवृत्त झाले होते. बायको वारून सहा वर्षं झाली होती. ते फार बोलले नाहीत. "पावसाळा संपला की आम्ही दर वर्षी लेणी बघायला जातो. या रविवारी मुरबाड रस्त्यावर खैरपाड्याची लेणी आहेत, तिकडे जाणार आहोत. प्रियांका, सूरज आणि मी. तुम्ही दोघं या. पूजा करा असं मी म्हणत नाही. नुसतं बघायला या."

"बघतो," तानाजी म्हणाला.

"येतो आम्ही," शेवंती म्हणाली. पाहुणा गेल्यावर तिनं भाकरी थापता थापता, पाठमोरीच, सांगितलं, "तुम्ही नाही आलात तरी मी जाणार."

रविवारी सकाळी सूरज भाड्याची इको घेऊन आला. बापलेकांनी एकमेकांकडे न बघता डिकीत पाण्याचे कॅन ठेवले. सूरजचा डावा हात पूर्ण सरळ होत नव्हता, गिअर बदलायला मात्र डावाच लागत होता. प्रत्येक गिअरला त्याचा खांदा किंचित वर जायचा. तानाजी मागे बसून कल्याण पार होईपर्यंत तो खांदा बघत राहिला.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून पाऊण तास चढायचं होतं. गवत अजून हिरवं होतं, वाट निसरडी नव्हती. वर पोचल्यावर चांगदेवांनी ओसरीच्या बाहेर चपला काढल्या, बाकीच्यांनीही काढल्या. तानाजीनं आपले बूट काढून लेकराचे ठेवावेत तसे भिंतीला लावून सरळ ठेवले. आज काही चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"इथं टेकू नका, आण्णा," प्रियांका हळूच म्हणाली. तो खांबाला टेकणार होता. "घामानं दगड खराब होतो."

तिनं त्याला आण्णा म्हटलेलं ते पहिल्यांदा. तो पटकन सरळ झाला.

आत एक मोठी खोली होती, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या लहान कोठड्या, प्रत्येकीत दगडी ओटा. मधल्या दालनात स्तूप. छातीएवढा चौथरा, त्यावर दगडी घुमट, वरचा भाग कधीच तुटून गेलेला. चांगदेव सांगत होते तसं तानाजी करत होता. स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरायचं. कोरीवकामाला बोट लावायचं नाही. आवाज खाली. चांगदेव आणि प्रियांकानं मेणबत्ती बाहेर ओसरीत लावली, आत काजळी नको म्हणून, आणि वंदना म्हटली. सूरजलाही ती पाठ होती, हे तानाजीला तेव्हा कळलं. शेवंती डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी होती. तानाजीला हात जोडावेत की नाही ते समजेना. शेवटी त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले, कवायतीला उभं राहिल्यासारखे.

वंदना झाल्यावर चांगदेवांनी त्याला पाण्याचं टाकं दाखवलं. काठावर झिजलेली अक्षरं होती.

"काय लिवलंय?"

"मला वाचता येत नाही ही लिपी. मागे एक जाणकार आले होते आमच्याबरोबर, त्यांनी सांगितलं. कल्याणच्या एका लोहारानं हे टाकं खोदवून दिलं, असं आहे."

"लोहारानं?"

"हो."

तानाजी वाकून त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिला. बोट लावलं नाही. बत्तीस वर्षांत त्यानं ठोकलेल्या कुठल्याच वस्तूवर त्याचं नाव नव्हतं. "दांडगा असंल गडी," तो म्हणाला, आणि चांगदेव हसले. सूरजनंही हसून बापाकडे बघितलं. तेवढ्या वेळापुरतं सगळं बरं चाललं होतं.

मग खालून गाण्याचा आवाज आला.

चार पोरं होती, विशी-बाविशीची. एकाच्या हातात स्पीकर, दुसऱ्याच्या पिशवीत बिअरच्या बाटल्या. त्यांनी स्पीकर ओसरीत ठेवला, पेटलेल्या मेणबत्तीशेजारी, आणि बुटांसकट आत आली. सगळ्यात बारक्याच्या अंगात गोविंदा पथकाचा नारिंगी टी-शर्ट होता. साकेत त्याचं नाव. टेंभी नाक्याचा, आणि थरांवर चढणारा, हे सगळं नंतर कागदांवर आलं. तेव्हा एवढंच दिसलं की पोरगं माकडासारखं चपळ आहे. त्यानं चौथऱ्यावर पाय दिला आणि एका झेपेत तो घुमटावर जाऊन बसला.

"घे रे, फोटो घे. पाय पण आले पाहिजेत."

चांगदेव पुढे गेले. "दादा, खाली उतर. तिथे बसायचं नसतं."

"दोन मिनिट काका. एकच रील."

"बूट आहेत पायात. आमचं श्रद्धेचं ठिकाण आहे हे."

"दगडच आहे ना? काय झिजतोय काय?"

मोबाइल धरलेला जाडा पोरगा हसला. "यांचं सगळीकडेच श्रद्धेचं ठिकाण असतं रे. जयंतीला रस्ता यांचा, आता डोंगर पण यांचा." आणि त्यानं एक शब्द जोडला.

तोच शब्द. अडीच वर्षांपूर्वी जेवताना तानाजीनं सूरजच्या तोंडावर फेकलेला. तानाजीनं प्रियांकाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

चांगदेव हात वर करून म्हणाले, "चल, मी हात देतो, उतर." साकेतनं त्यांच्या छातीवर बूट ठेवला आणि ढकललं. फार जोरात नसेल. पण चांगदेव पासष्टीचे, वजन नाही अंगात. ते मागे गेले, खांबाच्या पायथ्यावर डोकं आपटलं, चष्मा उडाला. कानामागून रक्ताची रेघ पांढऱ्या कॉलरवर आली.

तानाजीनं साकेतचा घोटा धरला आणि ओढला.

पोरगं घुमटावरून तोंडावर आलं. चौथऱ्याची कड त्याच्या हनुवटीला लागली, दात वाजले. तो जमिनीवर पडायच्या आत तानाजीचा पहिला ठोसा त्याच्या कानशिलात बसला. मागून जाड्यानं बाटली घातली. ती तानाजीच्या खांद्यावर फुटली आणि काचा पाठीत शिरल्या. त्याला त्या जाणवल्याही नाहीत. तो वळला, जाड्याच्या तोंडावर एकच फटका दिला. जाडा दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला, बोटांमधून रक्त आणि एक दात. उरलेले दोघं बुटांचे आवाज करत पळाले. स्पीकर ओसरीत वाजतच होता.

खरं तर भांडण तिथं संपलं होतं. जाडा रडत होता. साकेत कोपरांवर सरपटत एका कोठडीच्या दाराशी पोचला होता. आत जाऊन लपावं असं त्याला वाटलं असेल. तानाजी त्याच्या मागे चालत गेला. धावत नाही. कारखान्यात एका भट्टीकडून दुसरीकडे जातात तसा, चालत.

त्यानं त्याला केसांना धरून उचललं आणि तोंड कोठडीच्या दगडी उंबऱ्यावर आपटलं. मग पुन्हा. साकेत "काका, काका" म्हणत होता. तिसऱ्या वेळी नुसता आवाज आला, शब्द नाही. सूरजनं मागून मिठी घातली, "आण्णा, बस. आण्णा, मेला तो." तानाजीनं अंग झटकलं. वाकडा हात टिकला नाही. सूरज भिंतीवर जाऊन आदळला. शेवंती किंचाळली नाही. ती खांबाशी उकिडवी बसली आणि दोन्ही कानांवर हात धरले. प्रियांकानं तानाजीचा शर्ट ओढला, तो फाटून तिच्या हातात आला. पोरगं कुशीवर मुरगळून पडलं होतं. तानाजीनं एक पाऊल मागे घेतलं आणि पूर्ण ताकदीनं लाथ घातली.

मध्ये चांगदेव आले होते.

ते कधी उठले, कधी सरपटले, कुणी पाहिलं नाही. ते त्या पोराच्या अंगावर आडवे झाले होते, चष्म्याशिवाय, हातांनी त्याचं डोकं झाकून. लाथ त्यांच्या डाव्या कुशीत बसली. हाडाचा आवाज झाला. तो आवाज तानाजीनं आधी ऐकलेला होता, पाटानं कोपर मोडलं तेव्हा. म्हणूनच बहुधा तो थांबला.

चांगदेवांचं तोंड उघडं होतं आणि श्वास येत नव्हता. मग आला, शिट्टीसारखा. "पुरे," ते म्हणाले. "आता पुरे, तानाजीराव."

साकेतचा उजवा डोळा होता त्या जागी नुसतं सुजलेलं मांस दिसत होतं. तो मेला नव्हता. तानाजीनंच त्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या कुणाची उचलायची ताकद नव्हती. पाऊण तासाची वाट तो वीस मिनिटांत उतरला, अनवाणी, कारण बूट आठवले नाहीत. पोराचं गरम रक्त त्याच्या उघड्या पाठीवरून, काचांच्या जखमांवरून खाली ओघळत होतं. मागून चांगदेव प्रियांकाच्या खांद्यावर हात टाकून येत होते, पायरीपायरीला थांबत. जाडा मागोमाग हुंदके देत आला आणि कुणी न सांगता गाडीत बसला.

"आण्णा, तुम्ही पुढे बसा," प्रियांका म्हणाली. तिनं ओढणीची घडी करून साकेतच्या डोळ्यावर दाबून धरली होती. "इकडे बघू नका."

कल्याणच्या हॉस्पिटलात साकेतला आत नेलं. चांगदेवांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. एका बरगडीचं टोक फुफ्फुसाला लागलं होतं. तानाजीच्या पाठीतल्या काचा काढून टाके घातले. तो बाहेर बाकावर येऊन बसला तेव्हा शेवंती त्याच्या डाव्या बाजूला बसली, चांगल्या कानाच्या बाजूला तो येईल अशी. तिनं हळू आवाजात, न अडखळता, सगळं मांडलं.

"पोरगं दगडावरून पडलं. पडताना उंबऱ्यावर तोंड आपटलं. चांगदेवांना त्या पोरांनी लाथा घातल्या. तुम्ही सोडवायला गेलात तर त्यांनी बाटली मारली. पाठीत काचा आहेतच. सूरज, तू पण हेच सांगायचं."

"हो," सूरज म्हणाला.

"प्रियांका?"

प्रियांका हात धुऊन आली होती. नखांच्या कडांना रक्त राहिलं होतं. "बाबांना विचारा," ती म्हणाली.

तेवढ्यात कोपरच्या विहारातले दोघं-तिघं आले. राजरत्न म्हणून एक रिक्षावाला त्यांच्यात पुढारी होता. त्यानं तानाजीचे दोन्ही हात हातात घेतले. "आण्णा, आमच्या माणसासाठी तुम्ही उभे राहिलात. आम्ही विसरणार नाही. वकील आपला, सगळं आपलं." तानाजीला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा आपला हात बरोबर जागी पडला, असं त्याला वाटलं. लाथेचं तेवढं चुकीनं झालं. गर्दीत होतं असं.

पोलिसांच्या उपनिरीक्षक बाई चांगदेवांचा जबाब घ्यायला आल्या. पडदा अर्धाच ओढलेला होता. तानाजी तीन हातांवर बसून ऐकत होता.

चांगदेव एकेक वाक्य बोलून थांबत होते. दम लागत होता. पोरगा स्तूपावर बसला. मी उतरायला सांगितलं. त्याच्या मित्रानं जातीवरून शिवी दिली. शिवी काय ते त्यांनी जशीच्या तशी सांगितली, बाईंनी लिहून घेतली. पोरानं मला लाथेनं ढकललं, माझं डोकं फुटलं. तानाजीरावांनी त्याला खाली ओढलं. दुसऱ्यानं त्यांना बाटली मारली.

"मग?"

"मग मारामारी संपली."

"आणि मुलाच्या तोंडाला एवढं?"

"ते नंतर. तो पळत होता, सरपटत. तानाजीरावांनी त्याला केसांनी धरलं आणि उंबऱ्यावर आपटलं. तीन वेळा."

बाईंनी पेन थांबवलं. "काका, नीट आठवून सांगा. तुमच्या डोक्याला मार आहे. आणि बरगड्या कुणी मोडल्या?"

"मला आठवतंय. लाथ तानाजीरावांची. पोराला मारत होते, मी मध्ये आलो."

तानाजी उठला. पडदा बाजूला करून आत गेला. सूरजनं अडवायचा प्रयत्न केला नाही. "तुमच्यासाठी केलं मी," तानाजी म्हणाला. "तुमच्यासाठी. आन तुम्ही मला आत घालताय? शेवटी जातीवर—" आणि तो शब्द तोंडातून निघाला. अर्धाच. बाकीचा त्यानं गिळला, पण अर्धा सगळ्यांनी ऐकला होता. राजरत्न दारात उभा होता. त्यानं मान फिरवली. प्रियांका सलाईनच्या स्टँडशी उभी होती. लेण्यात ती जशी जमिनीकडे बघत होती, तशीच आताही बघत होती.

चांगदेवांनी डोळे मिटून घेतले. "लिहा बाई," ते म्हणाले. "मी सही करतो."

तानाजीला त्याच संध्याकाळी अटक झाली. जाड्यावर आणि पळालेल्या दोघांवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लागला, साकेतवरही, तो शुद्धीवर यायच्या आधीच. त्याचा उजवा डोळा गेला. जबड्यात पट्टी बसवली.

आधारवाडीच्या तुरुंगात महिन्याभरानं भेटीला नाव पुकारलं. शेवंती असेल म्हणून तानाजी गेला. जाळीपलीकडे चांगदेव बसले होते. शर्टाखाली छातीला पट्टा आवळलेला दिसत होता. नवा चष्मा जुन्यापेक्षा लहान होता.

"कशाला आलात?"

"बघायला."

"खोटं बोलायचं नव्हतं तर गप बसायचं. एवढं तरी करता आलं असतं."

चांगदेवांनी थोडा वेळ श्वास जमवला. "सूरजचा हात मोडला तेव्हा हॉस्पिटलात काय सांगितलं होतं?"

तानाजीनं मान वळवून शिपायाकडे पाहिलं.

"जिन्यावरून पडला, असं. केस पेपर मी वाचलाय. वहिनींच्या कानाला काय झालं होतं? मोरीत घसरल्या. आता पोरगं दगडावरून पडलं म्हणणार होतात. तुमच्या घरातली माणसं फार पडतात, तानाजीराव."

"मला शिकवायला आलाय?"

"नाही. मला राग आलाय, ते सांगायला आलो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या पोरानं मला लाथ मारली, त्याचा राग आहेच. पण ती जागा मी चाळीस वर्षं जपतो. कचरा उचलतो, मेणबत्ती आत लावू देत नाही. तिथल्या उंबऱ्यावरून मी परवा राजरत्नला घेऊन रक्त धुऊन आलो. मला वाकता येत नव्हतं, त्यानं धुतलं. डाग गेला नाही पूर्ण. माझ्या नावानं तिथं काही झालेलं मला नको होतं. तुम्ही मला विचारलं नाहीत."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. चांगदेव उठताना कुशीला हात लावून क्षणभर तसेच वाकून राहिले. तानाजीला वाटलं उठून आधार द्यावा. मध्ये जाळी होती.

दीड महिन्यानं जामीन झाला. घरी आला तर शेवंती नव्हती. स्वयंपाकघर आवरलेलं, गॅस बंद. ती कोपरला सूरजकडे राहायला गेली होती. फोनवर म्हणाली, "डबा पाठवत जाईन. यायचं काय ते नंतर बघू." तानाजीनं फोन भिंतीवर फेकायला हात उचलला. मग फोन टेबलावर ठेवला आणि हाताकडे बघत उभा राहिला. त्यानंतरचे बरेच दिवस असेच गेले. रिक्षावाल्यानं कट मारला, दुकानदारानं वायदा मोडला, वरच्या मजल्यावरून पाणी पडलं, की हात उठायचा आणि तो त्याच्याकडे बघत राहायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

वर्षानं कल्याणच्या कोर्टात आरोप वाचून दाखवायची तारीख लागली. वकिलानं पढवून ठेवलं होतं. "गुन्हा कबूल आहे का विचारतील. नाही म्हणायचं. एक शब्द. स्वसंरक्षण आहे, बाटलीचा पुरावा आहे, म्हातारा डोक्याला मार लागलेला साक्षीदार. सुटाल."

साकेत आला होता. काळा चष्मा, अंगात ढगळ शर्ट. निशा म्हणून त्याची बहीण त्याच्या उजव्या बाजूनं चालत होती, कारण त्या बाजूचं त्याला दिसत नव्हतं. तरी दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागला. तो दचकला आणि हात तोंडासमोर आणला. कुणी मारायला आल्यासारखा. चौकट होती नुसती.

न्यायाधीशांनी आरोप वाचला. केसांना धरून, दगडी उंबऱ्यावर, तीन वेळा. त्या शब्दांत ते फार लहान वाटत होतं.

"गुन्हा कबूल आहे का?"

"व्हय," तानाजी म्हणाला.

वकिलानं तानाजीचा शर्ट ओढला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, समजावून, परिणाम सांगून. कुणाच्या दबावाखाली बोलताय का?

"न्हाय साहेब. मारलं मी. तो पडल्यावर मारलं. आधीचं सोडा. पडल्यावर मारलं."

निशा रडायला लागली. साकेतनं मात्र मान त्याच्याकडे वळवली, पूर्ण, डावा डोळा समोर येईपर्यंत, आणि दात दिसतील असं काहीतरी पुटपुटला. शिवी असावी. तानाजीला ऐकू आली नाही. मागच्या बाकावर सूरज आणि प्रियांका होती. चांगदेव नव्हते, त्यांना त्या हिवाळ्यात छातीचा त्रास सुरू झाला होता.

तीन वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगात चौथ्या आठवड्यात जेवणाच्या रांगेत एका दांडग्या गड्यानं तानाजीला कोपर मारून मागे ढकललं. तानाजीनं थाळी उचलली, पुन्हा जागेवर आला. गड्यानं वळून कानाखाली दिली. मग दुसरी. ओठ फाटून रक्त भाजीत पडलं. आसपासची माणसं मागे सरली, आता काय होतंय बघायला. म्हाताऱ्याचे हात सगळ्यांनी पाहिलेले होते. तानाजीच्या डोळ्यांपुढे उंबरा होता, आणि त्यावर कुणाचं तोंड येतंय ते त्याला बघायचं नव्हतं. त्याला शांत वगैरे काही वाटत नव्हतं. तो घाबरला होता, समोरच्याला नव्हे. त्यानं दोन्ही मुठी काखेत घालून दाबून धरल्या. तिसरी थप्पड बसली, तो खाली बसला, गड्याला कंटाळा आला आणि तो निघून गेला.

दोन दिवसांनी शेवंती भेटीला आली. प्रियांकानं तिला कानाचं मशीन लावून दिलं होतं, तरी सवयीनं ती उजवा कान पुढे करून बसली. नवऱ्याचा सुजलेला ओठ, गालावरचा काळा डाग बघून ती पुढे वाकली.

"मारामारी केलीत?"

"मारलं एकानं."

"आणि तुम्ही?"

"मी न्हाय मारलं."

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. त्यानं ते जाळीपाशी आणून उलटेसुलटे करून दाखवले. बोटांच्या पेरांवर कुठे खरचटलेलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात तिला ती पेरं तपासायची नीट सवय झाली होती.

"खरं सांगताय?"

"खरं."

शेवंतीनं पदर खोचला आणि उठली.

"बसा इथंच," ती म्हणाली. "मी त्या शिपायाला विचारून येते."

ती दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे गेली. तानाजी बसून राहिला.